कार्डाखालची तारीख

मला भिंतीवरच्या घड्याळाचा कधी राग आला नाही. ते बंद पडलं की दिसतं. माझा राग आहे तो संगणकाच्या पोटातल्या घड्याळावर. ते बंद पडत नाही. ते गुपचूप मागे जातं आणि वर तोंड करून आपल्याला तारीख सांगतं.

मी वरोऱ्याकडची. घरी कापूस आणि सोयाबीन. चंद्रपूरला संगणकाचा कोर्स केला आणि धानोऱ्याच्या पुढे एका आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. बाबा म्हणाले, "जंगलात कायचा संगणक?" पण त्याची गरज जंगलातच होती. त्या भागात सिकलसेल फार. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, कधीकधी लहान लेकरं हाती लागत नाहीत. केंद्रात लोकांचं रक्त काढायचे, नमुने एसटीने चंद्रपूरला जायचे, तिथून निकाल यायचे आणि मी एकेकाचं कार्ड छापायची. सगळं ठीक असेल तर पांढरं कार्ड. आजार असेल तर लाल. माणूस धडधाकट, पण त्याच्या रक्तात आजाराचं बीज असेल तर पिवळं. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर लेकरू लाल निघण्याची भीती. म्हणून पिवळ्याने पिवळ्याशी सोयरीक करू नये, हे आम्ही गावोगाव सांगत फिरायचो.

कार्ड छापायचा प्रोग्राम चंद्रपूरचा एक भाऊ लिहायचा. माणूस गरीब स्वभावाचा, कामाचा पक्का, पण भोळसट. प्रोग्राममध्ये काही दुरुस्ती केली की त्यातून चालवायची एक फाईल तयार व्हायची. तिला तो 'बिल्ड' म्हणायचा. इंटरनेट आमच्याकडे नावालाच होतं, म्हणून बिल्ड पेनड्राइव्हमध्ये घालून, पेनड्राइव्ह औषधाच्या रिकाम्या डबीत घालून, डबी कंडक्टरच्या हाती द्यायचा. संध्याकाळपर्यंत ती माझ्या टेबलावर यायची.

पण प्रत्येक बिल्डचं नाव एकच. आजच्या फाईलचं तेच, मागच्या महिन्याच्या फाईलचंही तेच. नवीन कोणती आणि जुनी कोणती हे कळायला मार्ग नाही. एकदा मी नव्यावर जुनी चढवली आणि एका अख्ख्या गावाची कार्डं बिघडली. ती सगळी परत मागवून पुन्हा छापावी लागली. मी फोनवर त्या भाऊची चांगलीच हजेरी घेतली.

"भाऊ, तुमच्या घरी चार पोरं असती तर चौघांची नावं एकच ठेवली असती का?"

तो हसला. म्हणाला, "ताई, आता नावातच वेळ टाकतो. फाईल तयार झाली की मशीन आपोआप नावापुढे साल, महिना, तारीख, तास, मिनिट जोडीन. आकडा मोठा ते नवीन. चुकायचा सवालच नाही."

मला ती युक्ती इतकी आवडली की मी वर आणखी एक मागणी केली. कार्ड ज्या बिल्डने छापलं तिचा आकडा कार्डाच्या तळाशीही उमटू दे, म्हणजे बिघडलेलं कार्ड ओळखता येईल. त्याने तेही करून दिलं. मी गावच्या सभेत कार्ड हातात धरून उभी राहिले आणि सगळ्यांना समजावलं. खाली बारीक आकडा आहे, तो पाहा. घरात दोन कार्डं झाली तर ज्याची तारीख नंतरची ते खरं, आधीचं जाळून टाका. एक वयस्कर माणूस पुढे बसला होता. त्याने आकडा कुठून वाचायचा ते दोनदा विचारून घेतलं आणि शेजाऱ्याला गोंडीत सांगितलं. लोक आपलं ऐकतात याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

खरं तर तारखेवर एवढा भरवसा ठेवावा असा तो मुलूखच नव्हता. कार्डासाठी मी जन्मतारीख विचारायची तेव्हा कोणी म्हणायचं मोहफुलं पडायच्या दिवसांत, कोणी म्हणायचं मोठ्या वाघाच्या साली. शाळेत गेलेल्या म्हाताऱ्यांचे जन्म सगळे पन्नासच्या दशकातले आणि सगळे एक जुलैचे, कारण त्या वेळच्या गुरुजींनी पोराच्या तोंडाकडे पाहून साल ठरवलं होतं. मी ते तसंच टाईप करायची. मशीनला काय, तारीख मिळाली की ते खूश. लोकांचं मात्र आपल्या अंदाजावर नीट चाललेलं होतं. नेमकी वेळ त्यांना मी नेऊन दिली.

आमच्या केंद्रात झाडलोट करायला, पाणी भरायला एक मावशी होती. जवळच्याच जंगलगावातली, गोंड. नवरा नव्हता. एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. मावशी मला माझ्या आईपेक्षा जास्त रागवायची. डबा उरला की म्हणायची, "बाई, तुमी अन्न टाकून राह्यल्या, अन् तब्येत पाहा आपली." तिच्याशी माझं जमायचं.

त्या वर्षी मोह पडायला लागला तेव्हा मुलीची सोयरीक आली. मुलगा दोन गावं पलीकडचा. मुलगा-मुलगी एकमेकांना बाजारात पाहून होते, मनातून दोघांनाही हवं होतं. त्यांच्यात आधी देव पाहतात. सहा देवांचं कूळ, सात देवांचं कूळ, असे देवांच्या संख्येवर भाऊबंद ठरतात, आणि सारखे देव असलेल्यांत लग्न होत नाही. इथे देव वेगळे निघाले. पण आता आमच्या प्रचारामुळे देवांच्या जोडीला कार्ड आलं होतं. मुलाचं कार्ड पिवळं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. मुलीचं पांढरं निघालं की झालं.

मुलीचं रक्त चंद्रपूरला गेलं. मावशी रोज खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. तोंडाने विचारायची नाही, हातातला झाडू मात्र थांबायचा.

एके सकाळी भाऊचा फोन आला. "ताई, एक घोळ सापडला. एका गावात एकाच नावा-आडनावाचे दोघं असले तर प्रोग्राम दोघांनाही पहिल्याचाच निकाल देऊन राह्यला. दुरुस्त करतो आणि आजच्या गाडीवर पाठवतो. निकालही त्यातच हायेत."

मला पहिली मावशी आठवली. त्या जंगलगावात दोनच आडनावं होती आणि पोरींची नावं घरोघर तीच तीच. मावशीच्या मुलीच्या नावा-आडनावाची आणखी एक पोरगी त्याच गावात होती. दोघींचं रक्त एकाच दिवशी गेलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, नवीन फाईल आल्याशिवाय मी एकही कार्ड छापत नाही." पुढे तो काहीतरी सांगत होता, तेवढ्यात फोन गेला. टॉवरला डिझेल नसलं की फोन जायचा आणि डिझेल बहुतेक नसायचंच.

दुपारच्या गाडीने डबी आली. दुसऱ्या दिवशी मुलाकडची माणसं बोलणी पक्की करायला येणार होती. मी पेनड्राइव्ह लावला. आत निकाल होते आणि दोन बिल्ड होत्या. एकीच्या नावात त्याच आठवड्याची तारीख. दुसरीच्या नावात साल होतं १९८०.

मी त्या आकड्याकडे पाहत बसले. १९८० साली त्या भाऊचा स्वतःचाही जन्म झाला नसावा. वाटलं, कुठली तरी खराब फाईल चुकून आली. आकडा मोठा ते नवीन, हे त्यानेच सांगितलेलं, मी पाठ केलेलं, गावाला शिकवलेलं. तरी फोन लावून पाहिला. लागला नाही. केंद्रातला दुसरा फोनही मेलेला. डॉक्टर गडचिरोलीला मीटिंगला गेलेले. आणि दाराशी मावशी.

"बाई, आलं का?"

थांबा म्हणायला काही आधार हवा होता. माझ्याकडे नुसती शंका होती आणि समोर मोठा आकडा होता. मी मोठ्या आकड्याची फाईल चढवली. मुलीचं नाव निवडलं. पडद्यावर ओळ आली, 'पिवळं कार्ड लावा'.

दुसऱ्या मुलीचं नाव निवडलं. तिथेही पिवळं. दोघीही पिवळ्या असू शकत नाहीत का? असू शकतात. त्या गावात पिवळी कार्डं काय कमी होती! मी कार्ड प्रिंटरमध्ये लावलं. ते बाहेर येताना मावशीने पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, रंग येत होता. ती खाली बसली नाही की रडली नाही. कार्ड पदराच्या टोकात बांधलं आणि म्हणाली, "मी आजच त्याईले देऊन येतो. उद्या लोकं जेवायले येतीन अन् मंग सांगाव, हे बरं नाई."

"मावशी, एक दिवस थांबा. मी चंद्रपूरला विचारते."

"काय विचारसान? कागद तं आला. आमच्यात असं दाबून ठेवत नाई, बाई." आणि ती निघाली. उन्हात ती फाटकापर्यंत गेली तोवर मी खिडकीतून पाहत होते. तिला हाताला धरून थांबवायला हवं होतं असं आजही वाटतं, पण कोणत्या तोंडाने थांबवणार होते?

फोन दुसऱ्या दिवशी लागला. भाऊने विचारलं, "ताई, नवीन चढवली ना?"

"चढवली. परवाची."

"परवाची नाई ताई. १९८० वाली नवीन हाय."

मी टेबलावरच्या डबीकडे पाहिलं. त्याला वाटलं फोन कटला. मग तो घाईघाईने सांगू लागला. त्याच्या मशीनच्या पोटातला घड्याळाचा बारका सेल मेला होता. लाइट गेली की घड्याळ एकदम १९८० सालात जाऊन बसायचं. लाइट आली की तो हाताने तारीख लावायचा. त्या दिवशी दुरुस्ती चालू असताना लाइट गेली, आली, गाडीची वेळ झाली म्हणून त्याने तशीच बिल्ड केली. "मी सकाळी तुम्हाला या सेलचंच सांगून राह्यलो होतो, तं फोन गेला. अन् नवीन नाई चालली तं असू द्या म्हणून जुनी पण टाकली होती."

मी त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. तो ऐकत राहिला. त्याच्यावर ओरडून काय होणार होतं? चंद्रपूरची लाइट त्याने थोडीच घालवली होती!

फोन ठेवून मी १९८० वाली फाईल चढवली. मावशीच्या मुलीचं नाव निवडलं. 'पांढरं कार्ड लावा.' दुसऱ्या मुलीचं निवडलं. 'पिवळं कार्ड लावा.' मी कोरं कार्ड प्रिंटरमध्ये लावलं. पांढरं कार्ड बाहेर आलं. खाली बारीक आकड्यात साल होतं १९८०. ते मला दिसलं होतं. वाटलं, समजावून सांगू. समजावून सांगायची तर मला सवयच होती.

मावशीला घेऊन मी मुलाच्या गावाला गेले. एसटी फाट्यावर सोडते, पुढे पायवाट. वाटेत मोहाच्या झाडांखाली फुलं वेचून झालेली होती, पाला जाळून जमीन काळी केलेली होती. मावशी पुढे चालत होती. तिने पांढरं कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं, ओलं असल्यासारखं.

मुलाचा बाप अंगणात बाजेवर बसला होता. मी त्याला ओळखलं. सभेत पुढे बसून आकडा कुठून वाचायचा ते दोनदा विचारणारा तोच तो माणूस. त्याने आम्हाला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. नावं सारखी होती, प्रोग्राम चुकला, हे कार्ड खरं आहे. तो उठला, घरातून पिवळं कार्ड घेऊन आला. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी बाजेवर ठेवली आणि वाकून तळाचा आकडा वाचू लागला. बोट ठेवून, अगदी मी शिकवलं तसं.

"बाई, हे पिवळं यंदाचं हाय. अन् हे पांढरं १९८० चं."

"हो, पण ते मशीनचं घड्याळ मागे गेलं होतं. पांढरंच नवीन आहे."

"त्या साली माझं लगन झालं," तो म्हणाला. आवाजात कुठे टोमणा नव्हता. "तवा ही पोरगी कुठी होती? तिचं रक्त कोनं काढलं?"

मी पुन्हा सांगितलं. सेल, लाइट, घड्याळ. मराठीत सांगितलं, मोडक्या गोंडीत सांगितलं. जितकं सांगत गेले तितकी मला माझीच गोष्ट खोटी वाटायला लागली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमीच सांगतलं व्हतं, दोन कार्डं झाले तं नंतरच्या तारखेचं खरं, आधीचं जाळा. मी आमच्या साऱ्या गावाले तेच सांगतलं. आता तुमी म्हनता, आधीचं खरं. उद्या तिसरं आणसान, त्यावर उद्याची तारीख राहीन. मंग आमी कायवर भरोसा ठेवाव?"

माझ्या मनात नेमकं तेच होतं. भाऊला सांगून आजच्या तारखेची बिल्ड करून घ्यायची आणि नवं कार्ड छापायचं. तो आत गेला आणि एका चार-पाच वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आला. पोरीचं लेकरू, लाल कार्डाचं. हातपाय काडीसारखे, डोळे पिवळट. दुखणं उठलं की रात्रंदिवस किंचाळतं, म्हणाला. "बाई, तुमच्यावर माझा राग नाई. पन मी हे घरात पाहून राह्यलो. मले जोखीम नाई घेता येत."

त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. म्हणून तर मला जास्त रडू आलं. शेवटी एवढंच ठरलं की मुलीचं रक्त त्यांच्यासमोर पुन्हा काढायचं, आणि निकाल येईपर्यंत ते थांबतील. "लवकर करा पन," तो म्हणाला. "पान्या-पावसाच्या आधी पोराचं कराच लागते."

रक्त काढलं. नमुना मी स्वतः बाटलीवर नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव लिहून बसमध्ये दिला. चंद्रपूरहून निरोप आला, तपासणीचं औषध संपलं आहे, मागवलंय. मी रोज फोन करायची. कधी औषध आलेलं नसायचं, कधी औषध आणायला गेलेला माणूस आलेला नसायचा, कधी फोनच नसायचा. तेवढ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. गावंच्या गावं पहाटे जंगलात जायला लागली, केंद्र ओस पडलं. मावशी आणि मुलगीही पानं तोडायला जायच्या. दुपारी येऊन मावशी दाराशी उभी राहायची. मी मान हलवायची आणि ती जायची. आमचं बोलणंच संपलं होतं.

निकाल आला तो पानांचे पुडे फळीवरून, म्हणजे खरेदीच्या जागेवरून, उचलले गेल्यानंतर. भाऊने नवा सेल बसवून, तारीख तीनदा तपासून त्याच सकाळी नवी बिल्ड केली होती. मी कार्ड छापलं. पांढरं. खाली त्या दिवसाचं साल, तो महिना, तो दिवस, तास, मिनिट. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मी ते घेऊन मावशीच्या घरी गेले. मुलगी अंगणात जात्याजवळ बसली होती. तिनेच सांगितलं, "त्याचं जमलं. मागच्या बाजारादिवशी. पांढऱ्या कार्डाची पोरगी हाय." एवढं बोलून ती दळायला लागली. मी विचारलं, तुझं काय? ती म्हणाली, "माह्यं काय? मी तवाबी बरी व्हती, आताबी बरी हाय." तिच्या आवाजात रडणं नव्हतं, मला ते जास्त लागलं. आसपासच्या गावांत तर सगळ्यांना ठाऊक झालं होतं की हिचं कार्ड पिवळं आहे, आणि एकदा पिवळं, एकदा पांढरं, म्हणजे नक्की काहीतरी लपवलेलं आहे.

मावशी झोपडीतून बाहेर आली. तिने नवं कार्ड हातात घेतलं, रंग पाहिला, मग तळाच्या आकड्यावर अंगठा फिरवला. तिलाही आता तो आकडा कुठे असतो ते ठाऊक झालं होतं.

"बाई, या आकड्यात दिवस असते ना?"

"हो."

"अन् तो तुमची मशीन टाकते? मांगचाबी टाकते?"

मी म्हटलं, "घड्याळ मागे गेलं तर टाकते."

तिने कार्ड माझ्यासमोर धरलं. चेहऱ्यावर राग नव्हता. कामाच्या बाईने नळ दुरुस्त करायला सांगावं तितक्या साधेपणाने ती म्हणाली, "मंग यावर मी पिवळं घेऊन गेली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख टाकून द्या. म्हंजे मी ते पिवळं नेलंच नाई, असं होईन."

मी ते कार्ड हातात घेतलं. तिला वाटलं, मी ती तारीख टाकून देणार आहे. ती माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.